डाव्या मनगटाचा गुलाब

मित्रांनो, मी एक जुनी, जरा पोट सुटलेली सेंटची बाटली आहे. खाऊन सुटलेलं नाही हो! मला फुंकून घडवताना कारागिराला शिंक आली, तिची ही देणगी.

माझ्यात गुलाब होता, माझ्या जुळ्या बहिणीत चमेली. शिवणकाम करणाऱ्या एक बाई दुकानात आल्या, तासभर दोघींना हुंगत बसल्या आणि निवड काही होईना म्हणून दोघींनाही घरी घेऊन गेल्या. रोज मशीनवर बसण्याआधी माझा थेंब डाव्या मनगटावर, बहिणीचा उजव्या. मग आम्ही कात्र्यांच्या खणात कुलूपबंद. बाईंच्या दोन्ही लेकींना त्या खणाकडे फिरकायची बंदी होती. माझं बूच उघडलं की छापील फुलांच्या कापडावर मधमाश्या येऊन बसायच्या. खोटं वाटतं? वाटू दे. गिऱ्हाइकं मात्र म्हणायची, "बाई, तुम्ही शिवलेला फ्रॉक धुवायचं जिवावर येतं हो!"

पुढे बाई गेल्या. घर बदलताना हमालाच्या हातून खण निसटला, बहीण फुटली. त्याने काचा गुपचूप फेकून दिल्या. मी उरले, जवळजवळ रिकामी. धाकट्या लेकीने धूळ बघून मला साबणाच्या पाण्यात बुचकळलं आणि तळचा गुलाब फेसाबरोबर मोरीत गेला.

"अगं वेडे, आईची होती ती!" थोरली ओरडली. "तेवढाच तिचा वास उरला होता गं घरात."

त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला भरून आणायला निघाल्या.

दुकानातल्या बाईंनी थोरलीच्या डाव्या मनगटावर गुलाब लावला, उजव्यावर चमेली. "घासू नका हं, वास मिसळतात."

"गुलाबच," थोरली म्हणाली.

"छे! चमेली."

"तुला तेव्हा नाक तरी होतं का?"

"होतं! तुझ्यासारखं वर नव्हतं एवढंच."

मला तोंड आहे मित्रांनो, पण आवाज नाही. नाहीतर सांगितलं असतं!

"जरा मोकळ्या हवेत जाऊन या," दुकानातल्या बाई म्हणाल्या. दोघी फुरंगटूनच निघाल्या. रस्ता समोर येताच धाकटीने सवयीने ताईचा उजवा हात धरला आणि दारातच थबकली.

"ताई, हाच वास. आईबरोबर रस्ता ओलांडताना यायचा."

थोरलीने डावं मनगट नाकाशी नेलं. "तू कायम तिच्या उजवीकडे असायचीस."

"आणि तू डावीकडे."

मग हात न सोडता दोघी परत आत वळल्या.

माझ्यात गुलाब भरला, शेजारी चमेलीची नवी बाटली आली. शिष्ट आहे जरा, पण रुळेल. आम्ही दोघी आता बंद मशीनवर असतो. लेकी येतात, आपापलं बूच उघडतात, हुंगतात. मी मात्र अजून त्या मनगटांची वाट बघते, जी माझी आणि फुटलेल्या बहिणीची होती.

मधमाश्यांचं राहू द्या मित्रांनो, पण एवढं ऐका. घरातली जुनी रिकामी बाटली धुवायला घ्याल, तेव्हा आधी हुंगून बघा. आणि शेजारी उभं असेल त्यालाही हुंगू द्या.