मागे राहिलेलं बाळंतपण

चंद्र जवळ येत होता. आधी परातीएवढा दिसायचा, आता अर्धं आकाश अडवून बसला होता आणि जमीन दिवसातून चार-पाचदा हलायची. ग्रहाचे बावीस दिवस उरलेत, असं सरकारनं सांगून टाकलं होतं. शेवटचं यान त्या दुपारी सुटणार होतं.

प्रसूतिगृहातल्या मावशीची जागा त्यात पक्की होती. नव्या वसाहतीला सुईण हवीच. पण सात महिन्यांवरच्या गर्भारणीला यानात घेत नसत. उड्डाणाचा दाब पोटाला सोसत नाही. त्या भागात अशा तेराजणी होत्या. बाराजणींना घरच्यांनी आपापल्या घरी नेलं. तेरावी, काचकारखान्यातली कामगार, वॉर्डात एकटीच उरली. तिचा नवरा "पुढे जाऊन बघतो" म्हणत आधीच्या यानानं सटकला होता.

मावशी पिशवी खांद्याला लावून तिचा निरोप घ्यायला गेली, तर पोरीला कळा सुरू झालेल्या.

"तुम्ही निघा, मावशी. मी करीन कसंतरी."

"कसंतरी? बाळंतपण म्हणजे काय बटण शिवायचंय?"

मावशीनं तिचं पोट चाचपलं. मूल आडवं होतं. एकटी सोडली तर मायलेकरं दोघंही गेली असती.

तेवढ्यात मावशीचा धाकटा भाऊ दारात आला. "ताई, चल, गाडी उभी आहे."

"हिचं मूल आडवं आहे रे."

"अगं, सुटली तरी बावीस दिवस! कशासाठी?"

 मावशीनं पिशवी खाली ठेवली. "तुझी सासू यादीत नाही ना? माझ्या जागी तिला बसव. जन्मभर मला टोमणे मारलेत, म्हणावं आता तरी तोंड आवर."

भाऊ हसायला गेला आणि रडला. तिला घट्ट धरून उभा राहिला. मग गेला.

बाहेरून हात फिरवत, कळ ओसरली की थोडं थोडं करत, मावशीनं मूल वळवलं. मध्येच छताचा गिलावा कोसळला, दिवे गेले. यान उडालं तेव्हा खिडक्या थरथरल्या, पण दोघींनी मान वर केली नाही. दिवस कलताना मुलगी झाली. उशिरा रडली, पण रडली.

दुसऱ्या दिवशी मावशी गच्चीवर गेली. ओसाड यानतळाकडे बघत ओक्साबोक्शी रडली, भावाला आणि स्वतःच्या मूर्खपणाला शिव्या दिल्या. खाली आली, हात धुतले आणि बाकीच्या बाराजणींची घरं शोधत निघाली. त्यातल्या नऊजणी तिच्या हातून मोकळ्या झाल्या. एकीला ती वाचवू शकली नाही; उरलेल्या दोघींचे दिवस भरलेच नाहीत.

शेवटच्या सकाळी वारा अचानक थांबला. मावशीनं वॉर्डाच्या खिडकीचा पडदा ओढला.

"मावशी, हिला घ्या जरा," पोर पलंगावरून म्हणाली. " माझे डोळे मिटतायत."

मावशीनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत वॉर्डात येरझारा घातल्या. जमीन आता थांबायलाच तयार नव्हती. बऱ्याच वेळानं बाळानं ढेकर दिला. तिनं त्याला आईच्या कुशीत निजवलं, पलंगाच्या कडेला बसली आणि दोघींच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.