वाढत्या अंगाचे पाइप

धाकटीच्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी थोरलीला दाराची बेल ऐकू येईनाशी झाली. दोघी जावा. दोघींचेही नवरे कधीच गेलेले. दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. धाकटी दिवसभर कोपऱ्यावरच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायची आणि संध्याकाळी मोठ्या माणसांच्या शाळेत शिकायला जायची. घरी थोरली एकटी.

एका संध्याकाळी थोरलीचा मुलगा आला. बेल दाबून दाबून त्याचं बोट दुखलं. शेवटी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत उतरला, तेव्हा थोरली बटाटे सोलत होती.

"चोरासारखा खिडकीतून काय येतोस? दाराला काय झालंय?" ती म्हणाली.

खिडकीच्या खिळ्याने त्याची पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाडली होती. धाकटी घरी आली तेव्हा तो टॉवेल गुंडाळून बसला होता.

"काकू, उद्या शेजारी आग लागली तर हिला सांगणार कोण? कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर ते बटणांच्या डब्यात."

"त्यात शिट्टी वाजते," थोरली म्हणाली. यंत्राचं नाव निघालं की तिला नेमकं ऐकू यायचं.

"पुढच्या महिन्यात येतो," मुलगा म्हणाला. "बाहेरून बेल वाजवीन. हिने दार उघडलं तर राहू दे इथेच. नाहीतर आमच्याकडे घेऊन जाणार."

धाकटीने पँट शिवली आणि दोरा दाताने तोडला. थोरली गेली तर भांडायला हक्काचं माणूस उरणार नव्हतं. नवीन माणूस तयार करायला या वयात वेळ कुठला?

शाळेत तेव्हा आवाजाचा धडा चालू होता. शास्त्राचे सर तिच्या जावयाच्या वयाचे. त्यांनी घरी वाद्य करून आणायला सांगितलं. नळाचे प्लास्टिकचे पाइप कापायचे आणि तोंडावर रबरी चपलेचा फटका द्यायचा. पाइप लांब असला तर आतली हवा सावकाश हलते, आवाज जाड येतो. आखूड असला तर भराभर हलते, आवाज बारीक येतो. सात सुरांच्या सात पाइपांची मापं सरांनी फळ्यावर लिहून दिली.

धाकटीने मापं नीट उतरवून घेतली आणि प्रत्येक पाइप वीतभर जास्त ठेवून कापला.

वर्गात तिने ते वाजवले. एकामागून एक सात बैल जांभया देताहेत असं वाटलं. सरांनी पट्टी लावून पाहिली.

"काकू, सगळेच लांब झालेत."

"वाढत्या अंगाचे ठेवलेत."

"पाइप वाढत नाहीत."

"पोरंही सांगून वाढत नाहीत, सर. एकदा आखूड झालं की मग रडत बसायचं."

सरांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "जास्तीचं कापून आणा."

दुसऱ्या दिवशी धाकटी करवत घेऊन घरात बसली. कापण्याआधी तिने सगळ्यात लांब पाइपाला एक फटका दिला. थोरली पाठमोरी भांडी पुसत होती.

"कोण आलंय बघ गं," थोरली म्हणाली.

धाकटीने करवत खाली ठेवली. आखूड पाइप घेऊन हात भरून येईपर्यंत बडवला. थोरली भांडी पुसत राहिली. धाकटीने पुन्हा लांब पाइप वाजवला.

"अगं, ऊठ की. माणूस किती वेळ उभा राहील?"

सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, उतारवयात बहुतेकांचं असंच होतं. बारीक आवाज आधी जातात, जाड मागे राहतात. तुमची बेल बारीक आहे.

"मग जाड करते," धाकटी म्हणाली.

तिने माणसाच्या उंचीचा पाइप आणला आणि दाराशेजारच्या भिंतीत भोक पाडून बसवला. एक तोंड बाहेर, एक स्वयंपाकघराकडे. बाहेर खिळ्याला रबरी चप्पल टांगली आणि पाटी लावली, 'चपलेने मारा'.

ठरल्याप्रमाणे मुलगा आला, आईचे कपडे भरायला पिशवी घेऊनच. आधी बेल दाबली. काही नाही. मग पाटी दोनदा वाचली. इकडेतिकडे बघून चप्पल उचलली आणि पाइपाला हलकेच लावली. आत धाकटीला बेलही ऐकू आली होती आणि चप्पलही, पण ती हात मांडीखाली दाबून बसून राहिली. थोरली कांदा चिरत होती.

जिन्यातून शेजारीण म्हणाली, "लाजताय काय? दूधवाला बघा कसा हाणतो."

मुलाने हाणली.

"आले, आले. भिंत पाडतोस का मेल्या?" थोरलीने सुरी ठेवली आणि जाऊन दार उघडलं. मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. "आईच्या दारात चप्पल उगारून उभा? हेच बघायचं राहिलं होतं."

त्याने चप्पल खिळ्याला लावली. "काकू, बेल ठरली होती."

"हीच बेल."

त्याने पाइपात डोकावून पाहिलं. मग चहा घेतला आणि निघाला. रिकामी पिशवी परत नेऊ नये म्हणून धाकटीने त्यात शाळेच्या पाइपांचे कापलेले जास्तीचे तुकडे भरले, त्याच्या पोरांना वाजवायला.

थोरली अखेरपर्यंत त्याच घरात राहिली. जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, त्यांचे गणवेश शिवून झाले त्याच आठवड्यात, मंगळवारी दुपारी थोरली झोपेत वारली.