तळव्याची हजेरी

टेलरबाईंचा डावा पाय जन्मापासूनच बधिर. आईच्या पोटातच कण्याच्या तळाचा मणका नीट जुळला नाही आणि मज्जारज्जू तिथे अडकून बसला. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "डाव्याचं झालं ते झालं. उजवा बधिर होतोय असं वाटलं तर त्याच दिवशी या. ऑपरेशनला उशीर झाला की चालणं संपलं."

बाईंचं मशीन उजव्या पायावर चाले आणि घर त्या मशीनवर. डाव्यात कायम जाड चप्पल, उजवा मात्र अनवाणी. त्याशिवाय पायडलचा अंदाज कसा येणार? घरभर टाचण्यांचा सडा. म्हणून रोज संध्याकाळी नवरा बायकोचा डावा तळवा मांडीवर घ्यायचा. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, डोळ्याला भिंग लावूनच बघायचा. "राणीसरकार, हजेरी!" एकदा त्याला अर्धी सुई सापडली होती, तेव्हापासून स्वारीचा तोरा काही विचारू नका.

त्या संध्याकाळी मशीनपासून ओट्यापर्यंत फरशीवर लाल ठिपके दिसले.

"अगं, रक्त!" त्याने तिला खुर्चीत बसवलं, चप्पल काढली, बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडल्या नाहीत. तळवा लख्ख. त्याचा जीव भांड्यात पडला.

"शेजारणीचं मांजर लंगडत गेलं असेल. थांब, चहा टाकतो."

बाईंना हसू आलं नाही. हल्ली शिलाई भलतीकडेच पळत होती. त्यांनी पट्टा बदलला, तेल घातलं, मशीनच्या सात पिढ्या उद्धरल्या. पायडल पायाला कळेनासं झालं होतं आणि आपण ते आवाजावरून चालवत होतो, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी उजवा पाय उचलून बघितला. टाचणी डोक्यापर्यंत रुतलेली. त्यांनी ती उपसली आणि दुखण्याची वाट बघत बसल्या. काहीच दुखलं नाही.

"अहो, चहा राहू द्या. भिंग आणा."

"आत्ताच तर बघितला!"

"पुन्हा बघा."

कुरकुरत तो आला, समोर बसला आणि सवयीने त्याने डावा पाय मांडीवर घेतला. बाईंनी तो हळूच काढून घेतला आणि तिथे उजवा ठेवला.