दमट कागद

शिल्पाचा उजवा गाल पुन्हा कानापर्यंत पसरला होता. ईश्वरप्पांनी प्रिंटरच्या तोंडातून कागद दोन बोटांनी ओढून घेतला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. कपाळ ठीक होतं. डोळे ठीक होते. नाकापाशी मात्र एक चुणी सुरू होऊन तिरपी हनुवटीपर्यंत गेली होती, आणि चुणीच्या पलीकडची शाई वाट फुटेल तिकडं गेली होती. गालावर एक तांबूस फराटा होता. खाली ठळक अक्षरांत ‘शिल्पा. तुझी लेक.’ असं असायला हवं होतं. त्यातलं शेवटचं अक्षर तेवढं वाचता येत होतं.

त्यांनी तो कागद दोरीवर चिमटा लावून अडकवला. दोरीवर आधीपासून जावई आणि नात वाळत होते.

स्वयंपाकघराच्या दारातून केवळाबाईंनी डोकावून पाहिलं.

“धुणं झालं का?”

“झालं.”

“कोणाचं हाय एवढं?”

“आपल्याच लोकांचं,” ईश्वरप्पा म्हणाले.

ईश्वरप्पा एस.टी.त आधी कंडक्टर होते आणि नंतर कंट्रोलर. लातूरच्या बसस्थानकावर खिडकीत बसून ‘निलंगा गाडी फलाट तीनवर लागेल’ असं माइकवर सांगायचं, हे त्यांचं काम. गाडी तीनवर लागे किंवा न लागे, पण लोक ऐकत आणि तीनवर जाऊन उभे राहत. आपण शांतपणे सांगितलं की माणसं धीर धरतात, हे त्यांनी तिथं पाहिलं होतं. रिटायर होऊन मुरुडला घरी आल्यावर त्यांना सांगण्यासारखं एकच माणूस उरलं, आणि ते माणूस सांगितलेलं विसरू लागलं.

आधी दुधाचं पातेलं, मग वार, मग शेजारणीचं नाव. इथवर ईश्वरप्पांनी फारसं मनावर घेतलं नाही. वार तर त्यांनाही पेपर पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. पण उन्हाळ्यात शिल्पा नांदेडहून आली, तेव्हा केवळाबाईंनी तिला पाटावर बसवलं, चहा दिला आणि पदर सावरून विचारलं, “बाई, कोणाकडं आलाव तुम्ही?” शिल्पा हसली. तिथं असलेले सगळेच हसले. निघताना केवळाबाईंनी तिला कुंकू लावलं, परक्या बाईला द्यावा तसा मानाचा खण दिला, आणि “येत जावा, घर बघून ठिवलंय आता,” असं म्हणाल्या. ईश्वरप्पांनी लेकीला नांदेडच्या गाडीत खिडकीपाशी जागा धरून दिली. गाडी फलाटावरून मागं सरेपर्यंत शिल्पानं तोंड पदरात धरलं होतं.

नंतर फोनवर नातीनं, सृष्टीनं, तोडगा सांगितला. घरातल्या माणसांचे मोठे फोटो छापायचे, खाली मोठ्या अक्षरांत नाव आणि नातं लिहायचं, आणि आजीची नजर जाईल तिथं भिंतीवर लावायचे. रोज बघून बघून ओळख टिकते. लातूरच्या डॉक्टरांनीही मान डोलावली होती. ईश्वरप्पांनी लगेच चार रंगांची शाई पोटात घेणारा प्रिंटर आणला. नागपंचमीला शिल्पा माहेरी येणार होती. तोवर केवळाबाईंनी निदान लेकीला ओळखावं, एवढंच त्यांना यंत्राकडून हवं होतं.

यंत्राचं मत वेगळं होतं.

पहिले दोन-तीन कागद चांगले निघाले. पण त्यांत ईश्वरप्पांनी हात बसावा म्हणून देवीचा फोटो आणि गॅस एजन्सीचा नंबर छापला होता. माणसांची पाळी आली आणि चुण्या सुरू झाल्या. त्यांनी जाड कागद आणला. चुणी जाड पडली. गुळगुळीत फोटोचा कागद आणला, तर शाई त्याच्यावर थांबेचना. संध्याकाळी कळलं की कागद उलटा घातला होता. सुलटा घातला, आणि जावयाच्या मिशा कपाळावर गेल्या. श्रावणातली हवा दमट असते, दमट कागद फुगतो, वर उचलतो आणि आतल्या शाईच्या डोक्याला घासतो, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. मग त्यांनी कागदाचा अख्खा गठ्ठा गव्हाच्या कोठीत ठेवला, आणि तो बाहेर काढल्यावर एकेका कागदावर इस्त्री फिरवायला बसले.

केवळाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

“कागदाला विस्तरी कामून करून राहिलाव?”

“चुणी पडू नये म्हणून.”

“लगीन हाय का त्याचं?”

ईश्वरप्पा हसले. टोमणा मारायचा कसा, हे केवळाबाई अजून विसरल्या नव्हत्या. त्या नवऱ्याचं नाव विसरल्याचं गेल्या आठवड्यात कळलं होतं. पण नाव घ्यायची सवय त्यांना आधीही नव्हती, त्यामुळं ते नेमकं कधीपासून गेलं, हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

इस्त्री केलेला कागद फार ऐटीत आत गेला आणि पंखा होऊन बाहेर आला.

शेवटी त्यांनी बसस्टँडसमोरच्या दुकानातून आनंदराजला बोलावलं. आनंदराज कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि वेळ पडली तर पाण्याची मोटारही दुरुस्त करायचा. तो दारात चपला काढत होता तोच केवळाबाई पुढं झाल्या.

“लाइटबिलवाले का?”

आनंदराजनं ईश्वरप्पांकडं पाहिलं. ईश्वरप्पांनी छताकडं पाहिलं.

“हाव, काकू.”

“मग लाइट सारखी कामून जातीय?”

“वर कळवतो, काकू.”

“कळवा म्हणजे झालं. बसा. चहा टाकते.”

आनंदराजनं प्रिंटरचं झाकण उघडलं, आत मोबाइलचा उजेड मारला आणि डॉक्टरसारखा हुंकार दिला. वरच्या पांढऱ्या अंगावर कुंकवाचं ठसठशीत बोट होतं.

“पूजा केली वाटतं?”

“आणला त्या दिवशी हिनं केली. नव्या यंत्राचं कुंकू पुसू नये म्हणतात.”

“चांगलं हाय. हे बगा, कंट्रोलरसायब, कागद घाम पितो. हवाच गिली हाय सध्या. सेटिंगमधी जाड कागद करा, शाई कमी सोडा, एका टायमाला एकच कागद घाला, अन् निघाल्यावर पाच मिंटं हात लावू नका. आन् ही लाल शाई जास्त सुटून राहिली. बगा ना, ताईच्या गालावर निस्ती लाली.”

त्यानं लाल शाईची नळी साफ केली, सेटिंग बदललं, आणि एक कागद सोडला. शिल्पा आली. चुणी आता डाव्या गालावर होती.

“फरक पडला,” आनंदराज म्हणाला.

“पडला,” ईश्वरप्पांनी कबूल केलं.

“न्हाईच जमलं तर लातूरला दाखवावं लागल. पर पंचमीच्या आत न्हाई व्हायचं.” चहा संपवून तो उठला. केवळाबाईंनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि लाइटीची पुन्हा आठवण करून दिली.

ईश्वरप्पा सकाळी आंघोळीआधी दुधाला जात. डेअरीवर गर्दी असे, आणि कोणती गाडी किती वाजता आहे हे लोक अजून त्यांनाच विचारत, त्यामुळं परतायला वेळ लागे. पंचमीच्या आदल्या दिवशी डेअरीची गाडीच आली नाही आणि ते रिकामी किटली घेऊन लवकर परतले.

केवळाबाई न्हाऊन, केस तसेच ओले पाठीवर टाकून, हातात पूजेचं ताट घेऊन घरभर फिरत होत्या. शिलाई मशीनला कुंकू लावलं. मिक्सरला लावलं. पाटा-वरवंट्याला लावलं. दाराआड लटकवलेल्या, ईश्वरप्पांच्या कंडक्टरकीतल्या शिट्टीला लावलं. ही सगळी खंडेनवमीची पूजा होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डेपोत गाड्यांना हार घालतात, तशी घरातल्या औजारांची त्या करत आल्या होत्या. शिट्टीच्या कुंकवानं दुसऱ्या दिवशी अख्ख्या गाडीदेखत ईश्वरप्पांचे ओठ लाल व्हायचे. दसरा अजून पुष्कळ लांब होता.

मग त्या प्रिंटरपाशी आल्या. त्याच्या अंगावरच्या जुन्या कुंकवावर त्यांनी नवं बोट उमटवलं. मागं कागद उभा करायच्या फटीत थोडं कुंकू सोडलं, चिमूटभर अक्षता सोडल्या, एका फुलाच्या पाकळ्या मोडून घातल्या. हात जोडले.

“जेव बाबा,” त्या प्रिंटरला म्हणाल्या. “समदं करतूस, अन् तुला कोणी इचारत न्हाई.”

ईश्वरप्पा किटली घेऊन दारातच उभे होते. एवढ्या दिवसांत कुंकू फिकं कसं पडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. प्रवाशाच्या चेहऱ्यावरून बिनतिकीट ओळखणारा माणूस म्हणून डेपोत त्यांचं नाव होतं.

“अगं, आज काय हाय?”

“खंडेनवमी न्हाई का? तुमच्या ध्यानात तर काहीच ऱ्हात न्हाई.” त्यांनी ताट देवापुढं ठेवलं आणि केस पुसायला आत गेल्या.

ईश्वरप्पांनी पलंगावर वर्तमानपत्र अंथरलं, प्रिंटर त्याच्यावर आणला, आणि आनंदराजनं ऐकलं असतं तर जीव सोडला असता अशा रीतीनं, वायर काढून, यंत्र तिरपं करून मागची बाजू खाली धरून हलवलं. आधी थोडं कुंकू पडलं. मग तांदळाचे दाणे पडू लागले, पाकळ्या पडल्या. काही पाकळ्या आजच्या, काही वाळून काळ्या झालेल्या. ती रास त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली. मग त्यांनी मऊ फडक्यानं फट पुसली, कोठीतला एक कागद काढला आणि शिल्पाला सोडलं.

कागद सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला.

चुणी नव्हती. फराटा नव्हता. शिल्पाच्या भुवईवरचा, लहानपणी ओट्यावरून पडल्याचा व्रणसुद्धा दिसत होता. खाली ‘शिल्पा. तुझी लेक.’ हे तिन्ही शब्द मैलाच्या दगडावर असावेत तसे उभे होते. ईश्वरप्पांनी पाच मिनिटं हात लावला नाही. घड्याळाकडं बघत ते समोर बसून राहिले आणि त्या पाच मिनिटांत त्यांनी मनातल्या मनात शिल्पाला गाडीतून उतरवलं, घरी आणलं, पाटावर बसवलं, आणि केवळाबाईंना ‘शिल्पे, किती वाळलीस’ असं म्हणायला लावलं.

“अगं, हिकडं ये.”

केवळाबाई आल्या. हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला, लांब धरला, मग जवळ आणला.

“लई झाक निघालाय. काय टवटवीत बाई हाय.”

“कोण हाय?”

त्यांनी पुन्हा पाहिलं. मनापासून पाहिलं. कागदात काही कमी नव्हतं, उजेडही भरपूर होता.

“खाली लिवलंय बघ,” ईश्वरप्पा म्हणाले. “वाच.”

त्यांनी बोट ठेवून, शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं. “शिल्पा. तुझी लेक.” मग त्यांचा चेहरा उजळला. कागद त्यांच्या हातात परत देत त्या कौतुकानं म्हणाल्या, “तुमची लेक व्हय? तरीच म्हणलं. नाक तुमच्यावरच गेलंय.”

आणि गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर काही नव्हतं.

दुपारी शिल्पाचा फोन आला.

“अप्पा, सकाळच्या गाडीनं निघते. बॅग भरली.”

“खिडकीची जागा धर.”

“हाव.” मग तिनं विचारलं, “आई बघून राहिली का फोटो? ओळखायला लागली का?”

ईश्वरप्पांनी समोर पाहिलं. कोरा करकरीत फोटो टेबलावर होता. दोरीवर फराटलेला जावई आणि अर्धी नात होती.

“अगं, फोटोच नीट निघंना झालाय,” ते म्हणाले. आवाज त्यांनी माइकवरचा लावला होता. “कागद दमट हाय. चुण्या पडून राहिल्यात. तोंडच कळंना कोणाचं.”

“मग कशी ओळखणार ती!” शिल्पाचा श्वास सुटल्याचं फोनवर ऐकू आलं. “तुम्ही पण ना, अप्पा. मला वाटलं, फोटो बघूनसुद्धा...”

“न्हाई, न्हाई. मशीनचाच दोष हाय.”

“मी आल्यावर बघू. दुरुस्त करू आपण.”

“करू की.”

फोन ठेवून त्यांनी तो फोटो उचलला, कपाटातल्या स्वेटरांखाली सपाट ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. दोरीवरची चुणीवाली शिल्पा काढून त्यांनी देवघराशेजारी, नजर जाईल तिथं, चिकटवली.

पंचमीच्या सकाळी ते दुधाला गेले नाहीत. केवळाबाई ताट घेऊन बाहेर आल्या, तेव्हा ते प्रिंटरपाशीच उभे होते. शिलाई मशीन झालं, मिक्सर झाला, शिट्टी झाली. त्या प्रिंटरपाशी येऊन थबकल्या.

“ह्याची झाली का हो पूजा?”

“न्हाई.”

ईश्वरप्पांनी मागच्या फटीचं झाकण उचलून धरलं. केवळाबाईंनी चिमूटभर अक्षता सोडल्या आणि हात जोडायला ताट खाली ठेवू लागल्या.

“थांब,” ते म्हणाले. “अजून थोड्या टाक.”