छातीवरचा मजकूर

माझ्या टी-शर्टावर गळ्यापासून बेंबीपर्यंत मजकूर होता. ऑफिसात रोज कानावर आदळणारे शब्द आणि पुढं त्यांचे खरे अर्थ. ‘क्विक कॉल’ म्हणजे जेवण गार. ‘सर्कल बॅक करतो’ म्हणजे विसरलो. ‘आपण एक फॅमिली आहोत’ म्हणजे यंदाही पगारवाढ नाही. यातले निम्मे अर्थ रुचिताचे. मुंबईच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसायची. मीटिंग चालू असताना कागदाच्या कपट्यावर एखादा अर्थ लिहून माझ्याकडे सरकवायची, मग दोघांनी खोकल्याचं नाटक करून हसू दाबायचं.

आई गेल्यावर मी दिघीच्या घरी राहायला आलो. घरून काम करायची मुभा मिळाली, तेव्हा गावातले म्हणाले, नशीबवान आहेस. नशीब कसलं, डोंबल! दिवसभर स्क्रीनवर माणसं बोलतात आणि कॉल संपला की घरात फक्त फ्रिजचा आवाज. मोठ्यानं शेवटचं कधी हसलो, आठवत नाही.

छापण्याआधी टी-शर्टाचं डिझाइन मी रुचिताला पाठवलं. ती आता दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: ‘छान. पण मजकूर फार आहे. मेन मेसेज काय? टार्गेट ऑडियन्स कोण? पुढच्या आठवड्यात क्विक कॉल करू या.’

मला वाटलं, गंमत करतेय. मी हसणारे चेहरे पाठवले. तिनं अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा जेवढा राग आला, तेवढा साहेबाचाही कधी आला नव्हता. राग ओसरल्यावर रडू आलं, उगाच कशाला लपवू.

तिचा कॉल काही आला नाही. मग मीच उठून बोर्लीला तुळशीरामच्या दुकानात गेलो. तो क्रिकेटच्या सामन्यांसाठी टी-शर्ट छापतो.

“किती पीस?”

“एकच.”

“एकच? टीम न्हाय?”

“नाही.”

डिझाइन बघून त्यानं कपाळाला हात लावला. “अवो प्रणयभाऊ, ह्यो टी-शर्ट हाय का सात-बारा? बाऊंड्रीवरनं वाचता आलं पायजे. ह्ये वाचाया मानूस तुमच्या छातीशी येऊन उभा ऱ्हायला पायजे. असा कोन हाय?”

असं कोणी असतं, तर टी-शर्ट कशाला छापला असता?

“दोनच ओळी ठेवू? अक्षरं मोठी करतो.”

“नको. आहे तसंच छापा.”

छापून झाल्यावर त्यानं मला तो तिथंच घालायला लावला. ‘चूक ऱ्हायली तर नंतर माझ्या नावानं बोंब नको’ म्हणत चष्मा चढवून अगदी जवळ आला आणि छातीवर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागला. फॅमिलीच्या ओळीशी जरा थांबला, पण हसला नाही. त्यात हसण्यासारखं त्याला काही दिसलंच नसावं. त्याचं बोट जाड होतं, मशीनच्या उबेनं गरम होतं. आई गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता.

“बराबर हाय. चूक न्हाय कुठं.”

“मधली एक ओळ सुटली तुमची,” मी धडधडीत खोटं बोललो. “पुन्हा वरून वाचा.”