रिकामं इंजिन

सुरुचीने पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचली, तिच्यात कुठे 'कृपया' राहिलेलं नाही याची खात्री करून घेतली आणि पत्र पाठवून दिलं. मग माउस मंजुरीच्या हिरव्या बटणावर नेऊन ठेवला. दाबायचं तेवढं बाकी होतं.

संक्रांतीची सुट्टी होती. जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या झाडून सगळ्या गच्च्यांवर माणसं चढली होती आणि प्रत्येक गच्चीवर वेगळं गाणं लागलं होतं. दर थोड्या वेळाने कुणाचा तरी पतंग कटला की "वो काटा"चा गलका उठायचा. सुरुचीचे वडील, सुखदेवराव मेश्राम, गच्चीवर तिच्या खुर्चीशेजारी उन्हात पाय सोडून मटार सोलत बसले होते. स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त होऊनही त्यांची शिस्त सुटली नव्हती. दाणे एका भांड्यात, टरफलं दुसऱ्यात, आणि किडका दाणा तिसऱ्या जागी.

"लाइन क्लिअर भेटला का?" त्यांनी विचारलं. गाडी सोडायला पुढच्या स्टेशनाची परवानगी म्हणजे लाइन क्लिअर; मुलीच्या मंजुरीलाही ते तेच म्हणायचे.

"नाही. आता मीच देते मला."

"स्वतःच स्वतःले?"



पोटासाठी सुरुची विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका पंपाच्या कारखान्यात संगणकाचं काम बघायची. पण तिचा जीव होता तो या दुसऱ्या, बिनपगारी कामात. खिडक्या, बटणं, याद्या असं पडद्यावर जे जे दिसतं, ते बनवायचं तयार सामान जगभरातली काही हौशी माणसं मिळून लिहीत होती आणि ज्याला हवं त्याला फुकट देत होती. त्यातला एक कोपरा सुरुचीकडे होता. ज्यांना दिसत नाही त्यांना संगणकाचा आवाज पडद्यावरचं वाचून दाखवतो; त्या आवाजाला काय वाचायचं ते पुरवणारा हा भाग. तो समजणारी माणसं दोनच, एक सुरुची आणि दुसरे सांगलीचे श्रीपाद.

सात वर्षं दोघं एकमेकांना इंग्रजीत लिहीत होते. कधी भेट नाही, आवाजसुद्धा ऐकलेला नाही. नियम एवढाच की आपलं काम आपणच पास करायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. श्रीपाद तर नुसतं वाचून कधीच पास करायचे नाहीत. आपल्या मशिनवर चालवून बघायचे, दहा शंका काढायचे, मग मंजुरी. सुरुची वैतागायची, पण त्यांच्या हातून सहसा काही निसटत नसे. निसटलं ते एकदाच, दिवाळीच्या सुमारास. तिच्या एका बदलात दोष राहिला, श्रीपादांनी तो तसाच पास केला आणि कुठल्याही यादीपाशी गेलं की वाचणारा आवाज गप्प व्हायला लागला. आलेल्या पत्रांची यादी, गाण्यांची यादी, सगळीकडे तेच. ज्यांनी ज्यांनी नवी आवृत्ती घेतली त्यांच्या तक्रारी यायला लागल्या. सुरुचीने दुरुस्ती लगेच लिहिली. तेव्हापासून ती श्रीपादांच्या मंजुरीची वाट बघत पडून होती.

बाकीची मंडळी म्हणाली, आम्हाला त्यातलं कळत नाही, तूच दाब बटण, कोण विचारतंय? खरंच कुणी विचारलं नसतं. तरीही तिचा हात पुढे होत नव्हता.

"बाबा," तिने विचारलं, "तुमच्याकडे समोरच्या स्टेशनातून उत्तरच नाही आलं तर? मतलब, फोनच लागत नसेल तर काय करायचे तुम्ही?"

"गाडी थांबवायची."

"किती दिवस?"

"दिवस कायचे? रिकामं इंजिन पाठवायचं. डबे नाही, पॅसेंजर नाही. लेखी कागद देऊन, हळूहळू. तिकडे का झालं ते पाहून ये म्हणायचं. मंग गाडीचं पाहू." त्यांनी एक शेंग फोडली, आत दाणाच नव्हता. "एक डाव असंच पाठवलं, तर समोरचा मास्तर तापात पडून होता बिचारा. आम्ही इकडे त्याले शिव्या घालून राहिलो होतो." मग म्हणाले, "या माणसाचं का झालं मंग?"

"कुणाचं?"

"तुझ्या सांगलीवाल्याचं."

श्रीपादांना लिहिलेल्या प्रत्येक पत्रात सुरुचीने दुरुस्तीचं काय झालं ते विचारलं होतं. तुमचं काय चाललंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

श्रीपादांचा नंबर तिच्याकडे होता. मागे सर्व्हर बंद पडला तेव्हा त्यांनीच तो दिला होता, अगदीच अडलं तर म्हणून. पण या कामाची रीत अशी की जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, लेखी. मागच्या दाराने फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून तिने तो कधी लावला नव्हता. आता तिने माउस बटणावरून काढला आणि नंबर लावला.

फोन एका बाईंनी उचलला.

"मी सुरुची बोलतेय, जयपूरहून. श्रीपादजी आहेत का?"

"जयपूरची सुरुची?" पलीकडचा आवाज एकदम उजळला. "अहो, मी प्रतिमा, त्यांची बायको. रोज नाव निघतं तुमचं. तुम्हाला कळवावं म्हटलं, पण पत्ता काय तो यांच्या मशिनमध्ये. मी वाचून दाखवते म्हटलं तर तेही नको. माझं मी वाचणार म्हणतात."

"म्हणजे?"

"डोळे गेले हो त्यांचे. आधी एकाचा पडदा सुटला, मग दुसऱ्याचा. दोन ऑपरेशनं झाली, पण उपयोग नाही झाला. थांबा हं, देते."

सुरुची खुर्चीतून उठून उभी राहिली. सुखदेवरावांनी मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातली शेंग न फोडता तशीच ठेवून दिली.

"सुरुची?" श्रीपादांचा आवाज तिने कल्पिला होता त्यापेक्षा मऊ होता. "तुमची माफी मागायची राहिलीय. दिवाळीतला तो बदल मी नीट न बघताच पास केला. तेव्हाच अंधुक व्हायला लागलं होतं, सांगायला संकोच वाटला."

"श्रीपादजी, ते जाऊ द्या. तुम्ही आता... पत्रं कशी वाचता?"

"वाचतोय कुठे? आपलाच आवाज लावलाय मशिनला. मेनू वाचतो, बटणं वाचतो. पत्रांच्या यादीपाशी गेलं की गप्प. महिना झाला धडपडतोय. जन्मभर दुसऱ्यांसाठी केलं आणि स्वतःला वापरता येत नाही. वय झालं म्हणायचं."

"तुमचं नाही चुकत," सुरुची घाईने म्हणाली. "ते बिघडलंय. माझ्यामुळे. दुरुस्ती तयार आहे, पण तुमच्या मंजुरीसाठी अडलीय."

श्रीपाद हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"वाचा बघू," ते म्हणाले.

तिने दुरुस्ती वाचायला घेतली. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग तिचा अर्थ आपल्या जयपुरात वाढलेल्या मराठीत सांगायचा. अडली की हिंदी मदतीला यायची. श्रीपाद "हं" म्हणायचे की पुढची ओळ. सुखदेवराव उठले आणि शेजारच्या गच्चीच्या कठड्याशी जाऊन म्हणाले, "भैया, गाना थोडा धीमा कर दो, बिटिया का जरूरी फोन है।" गाणं खाली आलं.

"थांबा," श्रीपाद म्हणाले. "यादी रिकामी असली तर काय बोलेल तो?"

"काहीच नाही. वाचायला काही नसेल ना."

"मग 'रिकामी आहे' असं म्हणू दे. गप्प बसला की माणसाला वाटतं, आपलंच काही तरी चुकलं."

सुरुचीने तिथल्या तिथे ओळ घातली आणि वाचून दाखवली.

"आता ठीक. पण इथे चालवून बघितल्याशिवाय मी—"

"माहितीये मला," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं.

नवी दुरुस्ती उतरवून घ्यायच्या आज्ञा त्यांच्या बोटांना पाठ होत्या. फोनमधून कळांची टकटक ऐकू येत राहिली. मग एक सपाट, यंत्राचा इंग्रजी आवाज बोलायला लागला. आलेली पत्रं. सुरुची. सुरुची. सुरुची.

"बोलला," प्रतिमाताई मागून म्हणाल्या.

सगळ्यात वर कुठलं पत्र आहे ते सुरुचीला आठवलं.

"श्रीपादजी, वरचं उघडू नका. आत्ताच रागात लिहिलंय ते. सगळ्यांना गेलंय. मी त्यांनाही लिहीन, पण तुम्ही ते—"

"लांबलचक आहे?"

"हो."

"मग तपासायला बरंच आहे," ते म्हणाले आणि कळ वाजली.

यंत्राने तिचं पत्र वाचलं. कुठे जोर नाही, कुठे राग नाही. ज्यांना काम करायचं नाही त्यांनी जागा अडवून बसू नये. तुमच्या आळसामुळे, ज्यांना दिसत नाही अशी माणसं खोळंबली आहेत. त्यांचं काय होत असेल याचा तुम्ही एकदा तरी विचार केला आहे का? जमत नसेल तर बाजूला व्हा. खाली तिचं नाव.

सुरुचीने डोळे मिटून घेतले होते. दूर कुठे तरी पतंग कटला आणि गलका झाला.

"नीट वाचलं," श्रीपाद म्हणाले. "एक शब्द गाळला नाही. माझ्याकडून मंजूर."

"श्रीपादजी, मी..."

"ते मंजुरीचं बटण तुम्ही दाबता का माझ्या नावाने? मला शोधायला वेळ लागेल."

"तुम्हीच दाबा," सुरुची म्हणाली. "शोधा सावकाश. मी थांबते."

ती खाली, वडिलांच्या शेजारी बसली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे यंत्र एकेका बटणाचं नाव सांगत पुढे सरकत होतं.