दोष माझ्या स्प्रिंगवर आला

मित्रांनो, मला पाहण्याआधी तुम्ही माझा आवाज ऐकला असता. टर्रर्र... असा. दुकानात पहिल्यांदा येणारी माणसे तो ऐकून उंबऱ्यातच थबकत आणि दाताच्या दवाखान्यात आल्यासारखी तोंडे करत. मी अंगावर गोंदण्याचे यंत्र आहे. जुन्या पद्धतीचे, कॉइलचे. मुठीत मावेन एवढेच, पण वजनाला चांगले जड.

मला ज्याने घडवले तो कारागीर दारावरच्या विजेच्या घंटा दुरुस्त करायचा. घंटेच्या पोटात आणि माझ्या पोटात तसा फारसा फरक नाही. तांब्याच्या तारेची दोन रिळे शेजारी शेजारी उभी असतात. पायाने पेडल दाबले की तारेतून वीज धावते, रिळांचे लोहचुंबक होते आणि ते वरची लोखंडी पट्टी खाली खेचते. पट्टीबरोबर सुईही खाली जाते. तेवढ्यात वीज तुटते, स्प्रिंग पट्टीला वर उचलते आणि वीज पुन्हा जुळते. हे इतक्या भराभर होते की मी सगळेच्या सगळे थरथरत राहते. त्या थरथरीचाच तो आवाज.

कारागिराने माझी तार हाताने गुंडाळली होती. एकही वेढा दुसऱ्यावर चढू दिला नव्हता. मला देताना तो म्हणाला, "बाई, याचं ऐकत जा. काही चुकलं तर हे आधी सांगेल."

त्या बाई म्हणजे आत्या. गिऱ्हाइके तिला ताई म्हणत. पण तिच्या भावाची मुलगी लहानपणापासून दुकानात यायची आणि दिवसभर "आत्या, आत्या" असा जप चालायचा, म्हणून माझ्यासाठीही ती आत्याच.

आत्याचा एक नेम होता. सकाळी हात स्वच्छ धुवायचे, मला पुसायचे, नवी सुई बसवायची आणि मग डोळे मिटून मला नुसते हवेत चालवायचे. माझा सूर कानाला पटेपर्यंत ती माझा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवी. मग दिवसभर हात काम करी आणि कान पहारा देत. सुई जास्त खोल गेली की माझा आवाज जाड होतो. तो जाड झाला रे झाला की आत्याचे मनगट आपोआप वर उचलले जाई. म्हणूनच तिची रेघ कधी फुटली नाही, कधी पसरली नाही. लोक माझे कौतुक करत. "काय मशीन आहे!" म्हणत. मला फुशारकी वाटायची, खोटे कशाला सांगू?

मग एका थंडीत माझी काळजी सुरू झाली.

एका माणसाच्या दंडावर जहाज काढता काढता आत्याने अचानक पेडलवरून पाय काढला. मला उचलून माझा स्क्रू फिरवू लागली. स्क्रू तर जागच्या जागी होता! मी पाहिले, एका हाताने ती स्क्रूशी चाळा करत होती आणि दुसऱ्या हाताची बोटे टेबलाखाली उघडत होती, मिटत होती. बोटांतली जाणीव गेली होती. थोड्या वेळाने जाणीव परत आली आणि जहाज पुरे झाले. मला वाटले, थंडी असेल.

पण थंडी सरली तरी ते थांबेना. दर दिवशी मधेच पाय उचलायचा, माझा स्क्रू फिरवायचा, बोटे लपवायची. त्या फिरवाफिरवीने माझा सूरही खरोखर बिघडू लागला. आणि शेजारच्या टेबलावर आता भाची बसत होती. चित्रकला शिकून आलेली, हातात कसब, कानात मात्र सतत गाणी.

"परत अडलं का गं आत्या?"

"स्प्रिंग सैल झालीय जरा."

"कालच तर बदललीस!"

"तू तुझं बघ, शहाणे."

मित्रांनो, दुसऱ्याच्या दुखण्याचे नाव आपल्याला मिळाले तर आपण काय करावे? मला बोलता येत नव्हते. आणि आले असते तरी मी बोलले असते का, कोण जाणे. आत्याचा हात गेला हे बाहेर कळले असते तर तिच्यापुढे दंड कोणी धरला असता? आणि कळले नाही तर मी जाणार, हे मला दिसत होते.

झालेही तसेच. भाचीने एक नवे यंत्र मागवले. रोटरी. जाडसर पेनासारखे दिसणारे, पिसासारखे हलके. त्याच्या पोटात एक लहानशी मोटर फिरते आणि सुईला वरखाली करते. थरथर नावालाच. आवाज म्हणाल तर दूरच्या खोलीत पंखा लावल्यासारखा. कातडी जाड असो की पातळ, त्या आवाजात फरक म्हणून पडत नाही.

दोघींनी ते आधी कातडीऐवजी संत्र्याच्या सालीवर चालवून पाहिले. आत्या आवाज जाड होण्याची वाट पाहत राहिली आणि सुई साल भेदून आत गेली. टेबलावर रस गळला.

"हे बोलतच नाही गं. मुकं आहे."

"बोलायला मी आहे की!" भाची म्हणाली.

आत्याने दुसरे संत्रे घेतले. या वेळी डाव्या हाताने साल ताणून धरली आणि त्याच हाताच्या बोटांनी सुईचा अंदाज घेतला. रेघ नीट उमटली. भाचीने मात्र घेतले ते प्रत्येक संत्रे गळले. पण हसण्याच्या नादात त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. माझे गेले.

"मग या जुन्याचं काय करायचं?" भाचीने मला उचलले. "नाक्यावरच्या वायरमनला विचारलंय मी. तांब्याच्या तारेसाठी नेतो म्हणालाय. उद्या येईल."

मी आत्याकडे पाहिले. ती एक वाक्य बोलली असती तर पुरे होते. ती संत्र्यांची साले गोळा करू लागली.

ती माझ्यावर रागावली नव्हती. ती घाबरली होती. माझ्याइतकीच.

दुसऱ्या दिवशी एक बेकरीवाली आली. भट्टीचा तापलेला पत्रा लागून तिच्या हातावर लांबलचक डाग पडला होता. त्या डागावर तिला पानांची डहाळी हवी होती. आत्या म्हणाली, "हे एवढं काम याच्यावरच करते." आणि तिने मला हातात घेतले. भाजलेली कातडी अवघड असते. कुठे कागदासारखी पातळ, कुठे चामड्यासारखी. मी जीव तोडून चालत होते. पाने उमटत गेली आणि मधल्या एका पानावर मला कळले की आत्याची पकड नुसती उरली आहे, तिच्यात बोटे नाहीत. माझा आवाज जाड झाला. आत्याने तो ऐकला. मनगट उठले नाही. तिने कसाबसा पेडलवरून पाय काढला.

"स्प्रिंग..." ती म्हणाली.

"अहो ताई, स्प्रिंगचं काय घेऊन बसलात?" बेकरीवाली उठून बसली. "बोटं बघा तुमची! पांढरीफटक पडलीयत."

आत्या हात मागे घेऊ लागली. बेकरीवालीने तो धरला.

"माझ्या दिराचं अस्संच झालं होतं. रस्ता फोडायचं यंत्र चालवायचा तो. पुढे पुढे शर्टाची बटणं लावता येईनात. आम्ही त्याला चिडवायचो, बायको लागते बटणं लावायला! नंतर कळलं, त्या यंत्राच्या हादऱ्यांनी बोटं गेली होती."

भाचीने आत्याच्या ॲप्रनकडे पाहिले. नाडीला गाठ नव्हती. नुसती खोचलेली होती.

"आत्या?"

"यंत्र नाही गं बिघडलं," आत्या हळूच म्हणाली. "हात बिघडलाय. याचं नाव पुढे करत होते मी."

"आणि मी वायरमनला बोलावून बसलेय! मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर सुई हातात राहू दिली असतीस?"

 भाचीने कानांतली गाणी काढली, हात धुतले, नवे हातमोजे चढवले आणि मला उचलले.  आत्या शेजारी डोळे मिटून बसली.

"जाड होतोय. वर घे. अजून. हां, आता जाऊ दे."

"दोघी मिळून गोंदा हवं तर," बेकरीवाली म्हणाली, "पण पानं सारखी येऊ द्या बाई."

सारखी आली. एक जरासे वाकडे आले, ते वाऱ्याने वळल्यासारखे दिसते.

डॉक्टरांनी आत्याला बजावले, जोरात थरथरणारे काही पुन्हा धरायचे नाही आणि हात उबेत ठेवायचा. त्यावरून दोघींची घासाघीस झाली ती ऐकण्यासारखी होती.

"मुकं मी घेते," आत्या म्हणाली. "थोडं थोडं काम करीन. जुनं तू घे."

"वा! नवं तुला आणि जुनं मला?"

"सुई किती खोल गेली ते माझ्या डाव्या हाताला कळतं. तुला अजून कळत नाही. संत्री आठव. चूक झाली की ओरडणारं कुणीतरी हवं तुला."

"तू आहेस की."

"माझा घसा दुखतो."

वायरमन सांगितल्या दिवसानंतर बऱ्याच उशिराने उगवला, तेव्हा त्याच्या हाती तांबे लागले नाही. त्याला दारावर घंटा बसवायला लावली. आता ती वाजली की मला घरचे कोणी आल्यासारखे वाटते.

पण मित्रांनो, माझी काळजी संपलेली नाही. थरथरणे हेच माझे काम आहे आणि आता माझ्याभोवती एक तरुण हात आहे. माझ्या मुठीवर मऊ रबर गुंडाळले आहे. चित्राचा एक तुकडा झाला की मला खाली ठेवायचे आणि बोटे टेबलावर, सगळ्यांना दिसतील अशी, उघडायची-मिटायची, असा नेम आत्याने घालून दिला आहे. तरीही मी धास्तावलेले असते. तुमच्या घरात एखादे यंत्र सारखे अडत असेल तर त्याला नावे ठेवण्याआधी, ते धरणाऱ्या हाताकडे एकदा बघाल का? आईच्या, बाबांच्या, जो कुणाचा असेल त्या हाताकडे? एवढेच माझे मागणे आहे.

आज सकाळी भाची एका रेघेच्या मध्येच थांबली. समोरून आत्याने विचारले, "काय गं, काय झालं?"

भाचीची नजर माझ्या स्क्रूवर गेली. तिथे ती जरा जास्तच वेळ रेंगाळली. धास्तीने माझी पट्टी वरच्या वर थांबून राहिली होती.

"हात, आत्या," ती म्हणाली. "मुंग्या आल्यात."

आणि तिने मला खाली ठेवले.